आयर्लंडची जुनी शहरं नदीकाठाने: अकरा रात्रींचा बेत कसा आखायचा

दर उन्हाळ्यात कुणाचे तरी आईबाबा, सासूसासरे किंवा मित्रमंडळी आयर्लंडला येतात आणि येण्याआधी आपला बेत मला पाठवतात. बेत बहुतेक वेळा एकच असतो. डब्लिनमध्ये सात रात्रींचं हॉटेल आणि रोज एक बसची सहल. सकाळी सातच्या आत बस पकडायची, रात्री आठला परत यायचं आणि मधल्या बारा-तेरा तासांत पश्चिम किनाऱ्यावरच्या मोहेरच्या कड्यांवर दीड-दोन तास. बाकी सगळं खिडकीतून. ज्यांना समुद्र आणि हिरवळ तेवढी बघायची आहे, त्यांचं यात भागतं. पण ज्यांना जुनी गावं, किल्ले, बोळ आणि बाजार बघायचे आहेत, त्यांनी डब्लिनला मुक्काम ठोकणं म्हणजे पुणं बघायला रोज मुंबईहून जाऊन येणं.

इथली शहरं लहान आहेत. जुना भाग पायी अर्ध्या दिवसात होतो, पण त्याची खरी मजा सहलीच्या बस निघून गेल्यावर, संध्याकाळी. म्हणून माझा सल्ला असा की मुक्काम हलवत जा. बॅग छोटी घ्या आणि एका नदीवरून दुसऱ्या नदीवर सरकत राहा. इथलं जवळजवळ प्रत्येक जुनं शहर नदीवर आहे, कारण व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे दर्यावर्दी, होड्यांतून आले आणि जिथे होड्या लागल्या तिथेच वसले.

आधी व्हिसा

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, चलन युरो आहे, पण देश शेंगेनमध्ये नाही. फ्रान्स-इटलीचा व्हिसा इथे चालत नाही आणि इथला तिथे चालत नाही. ही चूक दर वर्षी कुणीतरी करतंच. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून करता येतो. तीन महिन्यांची ती खिडकी उघडताच अर्ज भरा आणि निकालाला आठ आठवडे लागतील असं धरून चाला. तोवर परत न मिळणारं विमान तिकीट काढू नका.

दुसरी गोष्ट नकाशावर दिसत नाही. बेटाच्या ईशान्येचा तुकडा, म्हणजे उत्तर आयर्लंड, ब्रिटनचा भाग आहे. बेलफास्ट आणि डेरी तिकडे. सीमेवर चौकी नाही, रस्त्यावर रंगवलेली रेघही नाही. फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात आणि दुकानात पौंड मागतात. पण तपासणी नसली म्हणून परवानगी लागत नाही असं नव्हे. भारतीयांसाठी दोन्ही देशांची एक संयुक्त व्हिसा योजना आहे, आणि व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. अट एवढीच, की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. ब्रिटनचा व्हिसा आधीच हातात असेल तर काही प्रकारांत तो आयर्लंडलाही चालतो. ते नियम बदलत असतात, त्यामुळे ट्रॅव्हल एजंटच्या शब्दावर न जाता आयर्लंड सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

विमान आखातातून, म्हणजे दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे घेतलं तर मधल्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न सहसा येत नाही. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर तो नियम आधी तपासा.

कधी यायचं

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे जेवण झाल्यावरही गावभर फिरता येतं. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि बऱ्याच वास्तू हिवाळ्यात बंद असतात किंवा फक्त शनिवार-रविवार उघडतात. जुलैच्या शेवटी गॉलवेला घोड्यांच्या शर्यती असतात. त्या आठवड्यात तिथल्या खोल्यांचे भाव बघूनच परत फिराल.

पाऊस बाराही महिने असतो, पण आपल्यासारखा कोसळत नाही. भुरभुर येतो, जातो, परत येतो. छत्री आणू नका, वाऱ्याने ती उलटी होते. टोपीचा रेनकोट आणि पकड असलेले बूट आणा. जुन्या भागात दगडी फरशी असते आणि ती ओली असते.

रेल्वे, बस की गाडी

खाली दिलेल्या मार्गाला गाडीची गरज नाही. डब्लिनमध्ये दोन मोठी स्थानकं आहेत. ह्यूस्टनवरून कॉर्क, गॉलवे, लिमरिक, किलकेनी आणि वॉटरफर्ड. कॉनलीवरून बेलफास्ट, स्लायगो आणि वेक्सफर्ड. स्थानक चुकलं की गाडी चुकली, कारण दोन्ही शहराच्या दोन टोकांना आहेत. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं आणि नेमकी जागाही निवडता येते. जिथे रेल्वे वळसा घालते तिथे बस बरी.

गाडी घेणारच असाल तर ती डब्लिनमधून बाहेर पडताना घ्या, उतरल्या दिवशी नको. रात्रभराच्या प्रवासानंतर अनोळखी रस्त्यावर चालवणं धोक्याचं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. भाड्याच्या गाड्या बहुतेक गिअरच्या असतात, ऑटोमॅटिक आधी सांगून ठेवावी लागते आणि महाग पडते. डब्लिनभोवतीच्या एम-५० या वळणरस्त्यावर टोलनाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत तुम्ही ऑनलाइन पैसे भरायचे असतात. नाका दिसला नाही म्हणून टोल नव्हता असं समजणाऱ्यांना नंतर दंडाची चिठ्ठी येते. गाडी भाड्याने देणारा तो टोल आपणहून भरतो का, हे चावी घेतानाच विचारा.

पाट्या वाचायला शिका

बहुतेक पाट्या दोन भाषांत असतात, आयरिश आणि इंग्रजी. तीन-चार शब्द कळले तरी गावाचा इतिहास पाटीवरच सापडतो. ‘किल’ म्हणजे बहुधा चर्च, ‘डून’ म्हणजे कोट, ‘बॅली’ म्हणजे वस्ती. आपलं गड, वाडी, खुर्द-बुद्रुक तसंच हे. किलकेनी म्हणजे संत कॅनिसचं चर्च. बसच्या कपाळावर ‘अन लार’ लिहिलेलं असेल तर ती शहराच्या मध्यभागी जाते. ‘लार’ नावाचं गाव नकाशात शोधत बसू नका.

आणि सगळ्यात उपयोगाचं. काही जुन्या ठिकाणी स्वच्छतागृहांवर फक्त आयरिश शब्द असतात. एकावर रोमन लिपीत एफ-आय-आर, दुसऱ्यावर एम-एन-ए. एम बघून पुरुषमंडळी आत शिरतात आणि फजिती होते, कारण ‘म्ना’ म्हणजे स्त्रिया. पुरुषांनी निमूट एफआयआरच्या दारातून जायचं.

पहिला मुक्काम: किलकेनी, दोन रात्री

डब्लिन विमानतळावरून बस किंवा टॅक्सीने ह्यूस्टन आणि तिथून दीड तासात किलकेनी. थकलेल्या माणसाला डब्लिनच्या गर्दीपेक्षा हे गाव मानवतं. स्थानकातून दहा मिनिटं चाललं की नोअर नदी आणि तिच्यावर किल्ला.

किल्ला एका टोकाला आणि संत कॅनिसचं कॅथेड्रल दुसऱ्या टोकाला, मधे गाव. एवढा नकाशा पुरतो. पहिल्या संध्याकाळी फक्त हा रस्ता एकदा चाला. दुसऱ्या सकाळी कॅथेड्रलपासून सुरुवात करा. त्याच्या शेजारचा उंच गोल मनोरा कॅथेड्रलहून कितीतरी जुना, नवव्या शतकातला मानतात. असे मनोरे देशभर आहेत, पण वर चढू देणारे फार थोडे, त्यांतला हा एक. आत जिने अरुंद आणि उभे आहेत. गुडघेदुखी असेल किंवा उंचीची भीती असेल तर खालीच थांबा.

मग रोथ हाउस. १५९४ साली रोथ नावाच्या व्यापाऱ्याने बांधायला घेतलेलं घर. मराठी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही, कारण हा सरळसरळ वाडा आहे. रस्त्यावर दुकानाचा भाग, मागे चौक, मग दुसरं घर, परत चौक, मग तिसरं घर आणि शेवटी बाग. कुटुंब वाढलं तसा वाडा मागे वाढत गेला. शनिवारपेठेतून उचलून इथे दगडात बांधल्यासारखा. तिथून खाली येताना ‘बटर स्लिप’ नावाचा बोळ लागतो, जिथे पूर्वी लोणी विकायला बसत.

दुपारी किल्ला. बटलर घराण्याने तो १३९१ साली विकत घेतला आणि जवळजवळ साडेपाचशे वर्षं तिथे राहिलं. १९६७ साली वंशजांनी तो नगराला ५० पौंडांना देऊन टाकला. छप्पर दुरुस्त करायला किती लागले असतील याचा विचार केला की किंमत रास्त वाटते. याच गावात १३६६ साली इंग्रजी सत्तेने कायदे केले, की इथे स्थायिक झालेल्या इंग्रजांनी आयरिश भाषा बोलायची नाही, आयरिश घरात सोयरीक करायची नाही आणि हर्लिंग हा इथला काठी-चेंडूचा खेळ खेळायचा नाही. आज किलकेनी हर्लिंगची पंढरी आहे. कायद्याचं काय झालं ते यावरून समजा.

सरकारी ताब्यातल्या अनेक वास्तूंसाठी वर्षभर चालणारं एक हेरिटेज कार्ड मिळतं. चार-पाच ठिकाणी जाणार असाल तर पहिल्याच वास्तूत ते घ्या, पैसे वसूल होतात. आणि वेळ बघताना बंद होण्याची नव्हे, शेवटच्या प्रवेशाची बघा. मी एकदा आईबाबांना घेऊन एका किल्ल्याच्या दारात चार वाजून वीस मिनिटांनी पोचलो. पाटीवर पाच लिहिलं होतं, शेवटचा प्रवेश चारला. बाबांनी बाहेरूनच नमस्कार केला.

दुसरा मुक्काम: वॉटरफर्ड, एक रात्र

किलकेनीहून रेल्वेने पाऊणएक तास. नदी सुइर, पण उच्चार ‘शूर’. व्हायकिंगांनी ९१४ साली वसवलेलं हे देशातलं सगळ्यात जुनं शहर मानतात. स्थानक नदीपलीकडे आहे, पूल ओलांडून यायचं. धक्क्याच्या टोकाला रेजिनाल्ड टॉवर हा जाडजूड दगडी बुरूज आहे आणि त्याच्या मागे जेमतेम दहा मिनिटांत पायी ओलांडता येईल एवढ्या त्रिकोणात सगळं जुनं शहर. ११७० साली ब्रिटनमधून आलेला नॉर्मन सरदार स्ट्राँगबो आणि लेन्स्टरच्या राजाची मुलगी ईफा यांचं लग्न याच शहरात लागलं. त्या लग्नातून इथे इंग्रजी सत्तेचा पाय रोवला गेला, आणि ते पुढची साडेसातशे वर्षं हा देश निस्तरत होता.

संग्रहालयांत मध्ययुगीन संग्रहालय चुकवू नका. इमारतीच्या पोटात तेराव्या शतकातली एक दगडी खोली आणि पंधराव्या शतकातलं दारूचं तळघर जसंच्या तसं आहे. काचकाम बघायची आवड असेल तर वॉटरफर्ड क्रिस्टलचा कारखानाही इथेच आहे. मी एकदा बघितला, पुरे झालं.

सकाळी बेकरीत जाऊन ‘ब्ला’ मागा. वरून पिठूळ, आत मऊ, पांढरा पाव. आपल्या लादीपावाचा सख्खा चुलतभाऊ. वॉटरफर्डच्या या पावाला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकनही आहे. आम्ही त्यात घरचा बटाटेवडा घालून खाल्ला आहे आणि कुणाची तक्रार आली नाही.

तिसरा मुक्काम: कॉर्क, तीन रात्री

वॉटरफर्डहून कॉर्कला थेट रेल्वे नाही. बसने सव्वादोन तासांच्या आसपास. कॉर्क म्हणजे दलदल. ली नदीच्या दोन फाट्यांमधल्या चिखलावर शहर उभं राहिलं. मुख्य रस्ता सेंट पॅट्रिक स्ट्रीट असा वाकडा का, तर तो पूर्वी नदीचाच एक फाटा होता, नंतर बुजवला. सकाळी इंग्लिश मार्केटला जा, १७८८ पासूनची मंडई. मासेवाल्यांच्या रांगेत मालवणी माणसाचा पाय निघत नाही. दुपारी टेकडीवर शँडनच्या चर्चमध्ये जा, तिथे मनोऱ्यातल्या घंटा पाहुण्यांना वाजवू देतात. घंटांना आकडे असतात, पुस्तकातून चाल बघून दोऱ्या ओढायच्या. सगळ्या शहराला तुमचं बेसूर ऐकू जातं.

एक पूर्ण दिवस कोव्हसाठी ठेवा. कॉर्कहून लोकल रेल्वेने २५ मिनिटं, खाडीच्या काठाने. लिहिताना शेवटी बी-एच आहे, पण वाचायचं कोव्ह. टायटॅनिक इथे शेवटची थांबली, ११ एप्रिल १९१२ रोजी. सगळे त्यासाठी येतात. मला मात्र धक्क्यावरचा ॲनी मूरचा पुतळा जास्त महत्त्वाचा वाटतो. १८९२ च्या १ जानेवारीला न्यूयॉर्कच्या एलिस बेटाचं दार उघडलं, तेव्हा त्यातून आत गेलेली पहिली व्यक्ती ही इथून निघालेली किशोरवयीन मुलगी, बरोबर दोन धाकटे भाऊ. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. ती वाट पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली आणि तिचं मोठं बंदर हे. मुलाला परदेशी पोचवायला विमानतळावर उभे राहिलेले आईबाप इथे जरा गप्प होतात.

गाडी असेल तर आणखी एक ठिकाण. कॉर्कच्या नैर्ऋत्येला अहाकिस्टा नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळलं, ३२९ जण गेले. तिथे त्यांचं स्मारक आहे आणि त्यावर सगळी नावं आहेत. जाऊन-येऊन जवळजवळ दिवस जातो. ते वाटेतलं ठिकाण नाही, मुद्दाम जायचं ठिकाण आहे.

वाटेत लिमरिक, मग गॉलवे

कॉर्कहून गॉलवेला बसने जाताना लिमरिक मध्यावर येतं. रात्र काढायची गरज नाही, चार तास पुरतात. सामान ठेवायची सोय मात्र आधी ठरवा. शॅनन नदीवरचा किंग जॉनचा किल्ला आणि पलीकडच्या काठावर चौथऱ्यावर ठेवलेला एक ओबडधोबड दगड. इंग्रजी फौजेशी १६९१ चा तह त्यावर झाला असं म्हणतात. तह पुढे पाळला गेला नाही, दगड तेवढा राहिला.

गॉलवेला दोन रात्री, आणि जमल्यास त्यातली एक शुक्रवारची ठेवा, कारण शनिवारी सकाळी सेंट निकोलस चर्चच्या भिंतीलगत बाजार भरतो. शहर चौदा व्यापारी घराण्यांनी चालवलं. त्यांतल्या लिंच घराण्याच्या दगडी वाड्यात आता बँक आहे, आत जाऊन बघता येतं. कॉरिब नदी समुद्राला मिळते तिथे स्पॅनिश आर्च ही १५८४ ची कमान. कमान बघायला दोन मिनिटं लागतात, पण तिच्या पायरीवर बसून नदी बघताना तास जातो.

शहराच्या पूर्वेला रेनमोरच्या बराकी आहेत, एकेकाळी ब्रिटिश फौजेतल्या कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीचं ठाणं. १९२० च्या जूनमध्ये या पलटणीच्या जालंधरमधल्या शिपायांनी, मायदेशात ब्रिटिश फौजा करत असलेल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून, बंदुका खाली ठेवल्या. त्या बंडातल्या जेम्स डेली या तरुणाला २ नोव्हेंबर १९२० रोजी हिमाचलातल्या डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. बराकी बाहेरूनच दिसतात.

इथून डेरीला जायचं असेल तर वर सांगितलेला ब्रिटनसाठी चालणारा व्हिसा हवा, आणि बसमध्ये पाच-सहा तास काढायची तयारी. डेरीचा तट १६१३ ते १६१८ या काळात बांधलेला, सुमारे दीड किलोमीटरचा, अखंड. वरून पूर्ण फेरी मारता येते आणि पैसे लागत नाहीत. तटावरून खाली बॉगसाइडच्या भिंतींवरची चित्रं दिसतात. ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर केलेला गोळीबार तिथलाच. शहराला ‘डेरी’ म्हणायचं की ‘लंडनडेरी’, यावर बोलणाऱ्याची बाजू ठरते, आयर्लंडची की ब्रिटनची. समोरचा काय म्हणतो ते आधी ऐका. यासाठी दोन रात्री वाढवा. वेळ नसेल तर गॉलवेहून अडीच तासांत सरळ डब्लिन.

खाण्याचं

पबमध्ये रात्री नऊनंतर दारू मिळते, जेवण नाही. स्वयंपाकघर बंद होतं. साडेसातला जेवून घ्या. शाकाहारी माणसाला दुपारी सूप आणि ब्राउन सोडा ब्रेड सगळीकडे मिळतो. तो यीस्टवर नाही, ताक आणि सोड्यावर फुगतो, त्यामुळे पहिल्या घासालाच ओळखीचा लागतो. मात्र ‘भाज्यांचं सूप’ पुष्कळदा कोंबडीच्या अर्कात शिजवलेलं असतं, विचारूनच घ्या. सकाळच्या न्याहारीत ताटात काळी चकती आली तर ती ब्लॅक पुडिंग, रक्ताची असते. न खाणाऱ्यांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवावं.

शेवटी डब्लिन, तीन रात्री

एवढं फिरून डब्लिनला आलात की शहर वाचता येतं. व्हायकिंग, नॉर्मन, मग अठराव्या शतकातली विटांची घरं, हे थर तुम्ही आधी सुटेसुटे बघितलेले असतात.

किल्मेनम तुरुंगाचं तिकीट मात्र भारतातूनच काढा. ते साधारण चार आठवडे आधी खुलं होतं आणि झटपट संपतं. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचे नेते इथल्या दगडी अंगणात गोळ्या घालून मारले. आतलं सगळं सोबतच्या मार्गदर्शकाबरोबरच बघायचं असतं. त्याच दिवशी ओ’कॉनेल स्ट्रीटवरच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर उभे राहा. २४ एप्रिल १९१६ ला उठाव याच दारात सुरू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस इकडे बेळगावात लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. ‘होमरूल’ हा शब्दच आपल्याकडे आयर्लंडमधून आला. टॅक्सीवाल्याने कुठून आलात विचारलं तर गप्पा तिथून सुरू करता येतात, नाहीतर लिओ वराडकर आहेतच. दोनदा पंतप्रधान झालेल्या या माणसाचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे.

ट्रिनिटी कॉलेजातलं बुक ऑफ केल्स बघायला गर्दी असते, सकाळची पहिली वेळ घ्या. ८०० सालच्या आसपासची ही हस्तलिखित शुभवर्तमानं वासराच्या कातड्यावर लिहिलेली आहेत आणि काचेखाली एका वेळी मोजकीच पानं दिसतात. किल्डेर स्ट्रीटवरचं पुरातत्त्व संग्रहालय फुकट आहे. सोन्याचे दागिने बघायला आत्याबाईंना तिथे न्या आणि दोन तास विसरा.

शेवटची दुपार डब्लिन कॅसलच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयासाठी ठेवा. तेही फुकट, आणि त्यात मुघल चित्रं आहेत, इतकी बारीक की भिंग हवं. बाहेर आलात की समोर गोल हिरवळ दिसेल. शहराला नाव देणारं ‘डव लिन’, म्हणजे काळं तळं, इथेच होतं. पॉडल नदी आता जमिनीखालून वाहते. बाकावर बसा, उरलेला ब्ला असेल तर खा आणि तिथून विमानतळाची बस पकडा. संध्याकाळी रस्ते तुंबतात, तासभर जास्तीचा धरा.